रोममधले जुने पाट: कमानी नकोत, पाणी जायचं ती नाली बघायचीय

टेल टू हेड (सातारा)

नमस्कार मंडळी,

सगळी नोकरी कालव्यावर गेलेला माणूस आहे मी. सुरुवातीला लेव्हल घेऊन लाइनआउट, म्हणजे कालव्याची रेघ आखायची, नंतर शाखेवर पाणीवाटप, म्हणजे शिव्या खायचं खातं. आता निवृत्त. मुलगा-सूनबाई जर्मनीत असतात. ऑक्टोबरात त्यांच्याकडं चाललोय आणि मधे चार दिवस रोम ठरलंय. त्यातला एक दिवस माझ्या नावावर लिहिलाय. सौंची अट एकच, ट्रेवीचं कारंजं त्याच दिवसात बसवायचं.

मला रोमन लोकांचे पाट बघायचेत. यूट्यूबवर शोधलं तर जो तो कमानींपुढं उभा राहून हात पसरतो. ड्रोन वर जातो, संगीत वाजतं, संपलं. अरे बाबा, कमान काय, सेंटरिंग लावलं, चिरे बसवले, मधला चावीचा दगड ठोकला की उभी राहते. ते काम अवघड आहे, पण डोळ्यांना दिसतं. पाटातलं खरं अवघड काम दिसत नाही. ते म्हणजे उतार.

फ्रान्समध्ये नीम शहराला पाणी नेणारा रोमन पाट आहे. त्याचा तीनमजली पूल, पों द्यु गार, सगळ्यांनी फोटोत बघितला असेल. पूल ४९ मीटर उंच, ठीक आहे. पण पाटाची लांबी ५० किलोमीटर आणि उगमापासून शहरापर्यंत एकूण उतार १२.६ मीटर, हे वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला. किलोमीटरला पंचवीस सेंटिमीटर. चार हजारात एक. आमच्या मुख्य कालव्यांना साधारण असाच उतार देतात, पण आमच्या हातात लेव्हलची दुर्बीण होती. तरी दुपार चढली की स्टाफवरचे, म्हणजे समोर उभ्या धरलेल्या मोजपट्टीवरचे, आकडे हवेत नाचायला लागायचे. मग स्टाफवाला आणि मी बाभळीखाली बसायचो, उन्हं कलली की पुन्हा सुरू. ह्या लोकांकडं वीस फुटी लाकडी बाक, त्यावर पाणी भरायची खाच आणि बाजूला ओळंबे. एवढ्यावर डोंगरकडेनं पन्नास किलोमीटर काढलेत. एका ठिकाणी बोटभर चुकलं असतं तर पुढं पाणी तुंबून नालीबाहेर आलं असतं.

तर माझी विचारणा अशी, की रोममध्ये प्रत्यक्ष नाली कुठं दिसते? आतला गिलावा, तळाची रुंदी, गाळ काढायला माणूस कुठून उतरायचा, शहरात पोचल्यावर वाटप कसं व्हायचं, हे बघायला मिळेल अशी जागा कोणी सांगेल का? उजवा गुडघा कुरकुरतो, तेव्हा डोंगर चढायला लावू नका. आणि पाणीचोरी तेव्हाही होती का, ह्याची मला फार उत्सुकता आहे. नसेल तर मी रोमन लोकांना माणसं मानणार नाही.

रोमातला कराडकर

काका, नमस्कार. मूळचा कराडचा, इथं नोकरीला आहे. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. एरवी गाववाले येतात ते कोलोसियम आणि पिझ्झा एवढंच विचारतात.

सकाळी लवकर मेट्रोची 'ए' लाइन पकडा आणि जुलिओ अग्रिकोला स्टेशनला उतरा. तिथून दहा-बारा मिनिटं सपाट चालत 'पार्को देल्यी अक्वेदोत्ती', म्हणजे पाटांचं उद्यान. २४० हेक्टर मोकळं रान, तिकीट नाही. सकाळी लोक कुत्री घेऊन पळत असतात, त्यांच्यामधून चालत राहायचं. आत शिरल्यावर आधी एक बुटका, सलग पाट लागेल. त्यासमोर फोटो काढत थांबू नका. तो अक्वा फेलिचे, १५८६ साली पोप सिक्स्तुस पाचवा याने पुरा केलेला. अक्वा मार्चा या जुन्या रोमन पाटाच्या मार्गावरच, तिचेच दगड वापरून तो उभा केला. मार्चा मूळची इ.स.पूर्व १४४ ची, ९१ किलोमीटर. तिचे अवशेष या पार्कात शोधावे लागतात, आणि त्याचं कारण समोरच उभं आहे.

तुम्हाला हवी ती अक्वा क्लाउडिया, पलीकडची उंच. कमानींची रांग मधेमधे पडलीय. जिथं पडलीय तिथल्या टोकाशी उभं राहून वर बघा. एकावर एक दोन भोकं दिसतील. खालचं चौकोनी, चिऱ्यांचं, ती क्लाउडियाची नाली, साधारण मीटरभर रुंद आणि माणूस उभा राहील एवढी उंच. वरचं वीट आणि काँक्रीटचं, ते आनिओ नोवुस. दोन वेगळे पाट, दोन वेगळ्या पाण्यांचे, एकाच कमानीवर. दोन्ही इ.स. ३८ मध्ये कालिगुलानं सुरू केले आणि ५२ मध्ये क्लाउडियसनं पुरे केले. काही कमानी २८ मीटरपर्यंत जातात. वर चढायला बंदी आहे, तेव्हा दुर्बीण असेल तर आणा, तुमच्याकडं असणारच.

दुपारी शहरात परत या. पोर्ता माज्जोरेला जा, तेर्मिनी स्टेशनवरून ट्राम आहे. लोकांना तो वेशीचा दरवाजा वाटतो. मुळात तो दरवाजा नव्हताच. हेच दोन पाट दोन रस्त्यांवरून न्यायचे होते, म्हणून रस्त्यावर येणारा तेवढा तुकडा थाटात बांधला. पुढं तिसऱ्या शतकात ऑरेलियन बादशहानं गावकुस घातलं त्यात तो सापडला आणि वेस झाला. बाजूनं गेलात की दोन्ही नाल्या कापल्यासारख्या दिसतात, पार्कापेक्षा जवळून. आणि समोर लागूनच एका बेकरीवाल्याची समाधी आहे, एउरिसाचेस त्याचं नाव. सरकारी ठेकेदार होता तो! कणीक मळण्यापासून पाव तोलण्यापर्यंतची सगळी कामं वर दगडात कोरलीत. ठेकेदारानं स्वतःचं एवढं मोठं स्मारक बांधलेलं बघून तुम्हाला काय वाटेल ते तुम्हीच लिहा.

ट्रेवीचं तर आपोआप जमतंय. त्या कारंज्याला पाणी देणारा पाट म्हणजे अक्वा विर्गो, इ.स.पूर्व १९ मध्ये अग्रिप्पानं आणलेला. वीसेक किलोमीटर, जवळजवळ सगळा जमिनीखाली, आणि एकूण उतार चार मीटरच्या आसपास. पुन्हा वाचा काका, चार मीटर. दुरुस्त्या होत होत तो आजही चालू आहे. कारंज्यापासून थोड्या अंतरावर व्हिया देल त्रितोनेवर रिनाशेंते नावाचं कपड्यालत्त्याचं मोठं दुकान आहे. त्याच्या तळघरात याच विर्गोच्या पंधरा कमानी आहेत, बांधकामात सापडलेल्या. फुकट बघता येतात. लिफ्ट आहे, स्वच्छतागृह आहे, आणि काकू वरच्या मजल्यावर रमतील.

मिरजेच्या बाई

टेल टू हेड, तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी लिहितेय. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, पण रोमन पाणीखात्याचा हा माणूस पाठ्यपुस्तकात कधी आला नाही.

इ.स. ९७ मध्ये नेर्वा बादशहानं फ्रोंटिनस नावाच्या गृहस्थाला रोमचा पाणी-अधीक्षक नेमलं. आधी ब्रिटनचा सुभेदार राहिलेला, वजनदार माणूस. आल्या आल्या त्यानं ठरवलं की हाताखालच्यांच्या सांगण्यावर चालायचं नाही, सगळं स्वतः बघायचं, आणि बघितलेलं लिहून ठेवलं. तो ग्रंथ आजही आहे.

दप्तर तपासलं तर आवक १२,७५५ एकक आणि वाटप १४,०१८ एकक! आलं त्यापेक्षा दिलेलं जास्त. मग हा स्वतः उगमांशी जाऊन मोजून आला, तर दप्तरातल्या आवकेपेक्षा सुमारे १०,००० एकक पाणी जास्तच निघालं. म्हणजे पाणी होतं, पण कागदावर नव्हतं, आणि नळालाही पोचत नव्हतं.

चोरीचे प्रकार ऐका. पाटाच्या कडेचे जमीनवाले नालीलाच भोक पाडून मळे भिजवायचे. शहरात फरसबंदीखालून चोरनळ गेलेले होते. ते उपटले तेव्हा निघालेल्या शिशाचाच मोठा साठा झाला. एकाचं कनेक्शन संपून दुसऱ्याला मिळालं की टाकीला नवं भोक पाडायचं आणि जुनं तसंच ठेवायचं. जुन्या भोकाचं पाणी खात्यातलीच माणसं विकायची. अधिकृत कनेक्शनला शिक्क्याची कांशाची तोटी भिंतीत बसवलेली असे आणि तिच्यापुढं पन्नास फूट त्याच मापाचा नळ हवा, असा नियम होता. कारण लोक तोटीला लागून लगेच मोठा नळ जोडायचे, म्हणजे ओढ वाढते.

तर ती माणसंच होती, निश्चिंत या जाऊन.

क्षेत्र माहुली

एवढा खर्च करून रोमला कशाला? लिंबला बारा मोटेची विहीर आहे, साताऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. शके १६४१ ते १६४६, शाहू महाराजांच्या काळात विरूबाईंनी बांधली. ११० फूट खोल, वर राजवाडा, आत कोरीव हत्ती-सिंह. पुण्यात कात्रजहून शनिवारवाड्याला पाणी आणलं नानासाहेब पेशव्यांनी, तेही जमिनीखालून, जागोजागी उच्छ्वास, म्हणजे वर उघडणारी उभी भोकं, ठेवून. आपल्याकडं काय नव्हतं? पण आपल्याला गोऱ्यांनी सांगितल्याशिवाय पटत नाही.

टेल टू हेड (सातारा)

कराडकर, बाई, दोघांचे आभार. दोन्ही प्रतिसाद छापून घेतलेत.

माहुलीकर, रागावू नका. बारा मोटेची विहीर मला नवी नाही, पाहुणा आला की मी त्याला तिथंच नेतो. ती बघून मान वर करून उभं राहावं लागतं, मान्य. पण विहीर म्हणजे उपसा आणि पाट म्हणजे प्रवाही. दोन्हीची तुलना करू नये. उपशाला बैल लागतात, आता वीज लागते. सांगलीकडं टेंभू-म्हैसाळचं पाणी टप्प्याटप्प्यानं पंपानं उचलतात, तेव्हा कुठं ते दुष्काळी शिवारात पोचतं. तिथं उपशाला इलाज नाही, जमीनच उंच आहे. प्रवाही पाटात सगळा खर्च सुरुवातीला, आणि तो डोक्याचा. कासचं पाणी साताऱ्यात येतं ते डोंगरावरून उतारानंच, आणि तो जुना उघडा पाट आमच्या वयाच्या लोकांनी बघितलाय. कात्रजचं म्हणाल तर तुमचं शंभर टक्के बरोबर, ती तंतोतंत ह्याच जातीची गोष्ट आहे. उच्छ्वास नुसते हवेसाठी नसत, त्यातून माणूस आत उतरून गाळ काढी. रोममध्येही नालीत उतरायला असेच विहिरीसारखे चौकोनी उभे मार्ग ठेवलेले असत, असं वाचलंय. म्हणून तर बघायचंय.

बाई, तुमचा फ्रोंटिनस वाचून मी रात्री सौंना मोठ्यानं वाचून दाखवला. 'हे तुमच्याच हापिसातलं की हो,' म्हणाली. मी एका डाव्या कालव्यावर होतो, नाव घेत नाही. तिथं मोरीचं गेट पाडलं तरी खाली पाणी वाहतंच. उतरून बघितलं तर गेटच्या खाचेत मुठीएवढा दगड. काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दगड, ह्या वेळी चिखलानं लिंपलेला, म्हणजे दिसू नये. भरावावरून रात्री पाइप टाकून सायफन लावणारे तर विचारूच नका. पहाटे पाइप गुंडाळून उसात. सकाळी आम्ही गेलो की ओला पट्टा तेवढा राहिलेला. आणि टेलचा शेतकरी फोनवर आम्हाला विचारतोय की पाणी कुठं जिरलं. म्हणून आमची मागणी कायम एकच, भरणं टेल टू हेड करा. आधी शेवटच्याला, मग वरच्याला. तिकडं रोममध्ये टेलला कोण होतं कुणास ठाऊक. गरीबच असणार.

एक मात्र ह्या फ्रोंटिनस साहेबाचं मला पटत नाही. त्याचं एकक म्हणजे नळाच्या तोंडाचं क्षेत्रफळ. वेग कुठंय त्यात? एकाच मापाची दोन भोकं, एक पाटाच्या जोरात आणि एक संथ टाकीत, तर पाणी सारखं कसं येईल? वेगाचा फरक पडतो हे त्याला कळत होतं, तसं तो लिहितोही. पण हिशेबात घेत नाही. म्हणजे ते १०,००० एककांचं घबाड सगळंच चोरीचं होतं असं मी धरणार नाही. थोडं मोजमापाचं असणार. आमच्याकडं निदान मोजपट्टी असते, किती खोलीला किती क्युसेक त्याचा तक्ता असतो. तो तक्ता कोण बघतो हा वेगळा विषय.

पण एका गोष्टीला मी त्याला सलाम ठोकतो. दुरुस्तीबद्दल लिहिताना तो सांगतो की काम १ एप्रिल ते १ नोव्हेंबरमध्ये करा, कडक उन्हाळ्यात मात्र थांबा कारण चुना नीट धरत नाही आणि पाण्याची गरजही तेव्हाच जास्त, आणि एका वेळी एकच पाट बंद करा. सातशे माणसं कायम देखभालीला होती, २४० एका टोळीत आणि ४६० दुसऱ्या. शिवाय नालीच्या दोन्ही अंगांना हद्द सोडलेली. उगमांशी आणि कमानींना पंधरा फूट, शहरातल्या भुयारी नालीला पाच फूट. त्या हद्दीत झाड लावायचं नाही, घर बांधायचं नाही. आमच्या कालव्याच्या हद्दीत आज काय काय उभं आहे ते मी इथं लिहीत नाही, हा धागा लांबेल.

आता मला गिलाव्याचं कोणी सांगा. पाणी मुरू नये म्हणून त्यांनी आतून काय लावलं?

चुना-सुरखी (सांगली)

काका, हा माझा धंदा. जुने वाडे, देवळं, घाट यांची दुरुस्ती करतो.

त्यांनी लावलं ते म्हणजे आपली सुरखी. भाजलेल्या कौलांचा, मडक्यांचा चुरा चुन्यात मिसळायचा. नुसता चुना हवेत सुकतो, पण पाण्याखाली धरत नाही. त्यात भाजक्या मातीची भुकटी गेली की ती चुन्याशी धरते आणि ओल्यातही घट्ट होते. आपले गवंडी यात गुळाचं पाणी, हिरडा, कुठं उडदाचं पीठ घालायचे. घाणीला बैल लावून मळायचे. आज मिक्सरमध्ये पाच मिनिटं फिरवून 'चुन्याचं काम केलं' म्हणतात, त्यांचं पुढच्या पावसाळ्यात कळतं.

पोर्ता माज्जोरे किंवा पार्कात दुर्बिणीतून नाली बघाल तेव्हा रंग बघा. आतली बाजू गुलाबीसर असेल तर ती सुरखी. आणि तळ-भिंत मिळते तो कोपरा बघा. आपण गच्चीचं वॉटरप्रूफिंग करताना तिथं वाटा काढतो ना, कोपरा गोलसर भरून घेतो, तसा वाटा रोमन नालीत जागोजाग असतो. काटकोनात चीर पडते, पाणी तिथंच पहिलं घुसतं. दोन हजार वर्षांपूर्वी कळलेली ही गोष्ट मला दर सोमवारी नव्या पोराला सांगावी लागते.

दुसरं, क्षार. तिकडचं झऱ्याचं पाणी चुनखडीतून येतं. जतकडच्या बोअरच्या पाण्यानं गीझरच्या कॉइलचं जे होतं तेच त्यांच्या नालीचं झालं. पों द्यु गारवरच्या नालीत दोन्ही बाजूंना क्षारांचा फूटभराहून जास्त साका जमलाय, नाली निम्म्यावर आली. जर्मनीत कोलोनला पाणी नेणारा आयफेलचा पाट आहे. त्यातला हा साका मध्ययुगात लोकांनी चक्क खणून काढला आणि संगमरवरासारखा घासून चर्चच्या खांबांना वापरला. मुलगा जर्मनीत आहे तर त्याला आयफेलचं विचारून ठेवा. तिथं पाट बहुतेक जमिनीखाली आहे, पण बरेच तुकडे उघडे करून ठेवलेत.

अवांतर: त्यांचे शिशाचे नळ बघून हळहळू नका. व्हिट्रुव्हियस नावाच्या त्यांच्याच वास्तुतज्ज्ञानं शिसं अंगाला वाईट, मातीचे नळ बरे, दुरुस्तीलाही सोपे, असं लिहून ठेवलंय. आपले खापरी नळ म्हणजे तेच.

मिरजेच्या बाई

एक राहिलं. पोर्ता माज्जोरेवर तीन लेख आहेत, ते चुकवू नका. सगळ्यात वरचा क्लाउडियसचा, मी बांधलं. मधला वेस्पासियनचा, इ.स. ७१: हे पाट मोडून नऊ वर्षं बंद होते, मी स्वखर्चानं दुरुस्त केले. खालचा त्याच्या मुलाचा, तीतुसचा, इ.स. ८१: पुन्हा मोडले, मी पुन्हा नीट केले. ५२ ला पुरं झालेलं काम दहा वर्षांत बंद पडलं होतं आणि बादशहांनी ते दगडात लिहून वेशीवर लावलं. एवढा प्रांजळ सरकारी फलक मी तरी दुसरा बघितलेला नाही.

टेल टू हेड (सातारा)

बाई, दहा वर्षं टिकलं म्हणजे डिफेक्ट लायबिलिटी, ठेकेदाराची फुकट दुरुस्तीची हमी, संपल्यावर मोडलं. ठेकेदार हुशार.

कराडकर, शेवटचं विचारतो. नालीच्या आत उतरता येईल अशी जागा आहे का? आणि वाटपाची टाकी?

रोमातला कराडकर

आत उतरायचं एका दिवसात जमणार नाही काका. गटानं आगाऊ परवानगी काढून जावं लागतं आणि गुडघा आडवा येईल. टाकी मात्र जमेल. ट्रेवीपासून दोन मिनिटांवर 'विकुस काप्रारिउस' म्हणून जमिनीखालची जागा आहे, जुन्या रोमन घरांचे अवशेष. त्यातल्याच दोन खोल्या पुढं पाण्याच्या टाकीत बदलल्या होत्या. विर्गोचं पाणी तिथं साठायचं. भिंतीवर गिलावा शिल्लक आहे, सुरखीवाल्यांनी सांगितलेला रंग तिथं हाताच्या अंतरावरून बघा. तिकीट थोडकं आहे, लोखंडी जिना आहे, सावकाश उतरा.

ऑक्टोबरात अंधार लवकर पडतो, म्हणून पार्क सकाळीच उरका. पाण्याची बाटली विकत घेऊ नका. रस्त्यावर ओतीव लोखंडाचे नळ असतात, नासोनी म्हणतात त्यांना, १८७४ पासून बसवत आलेत. चोवीस तास वाहतात, पाणी गार आणि प्यायचं. वाहतं पाणी बघून तुमचा जीव तुटेल, त्याला इलाज नाही.

आणि पोर्ता माज्जोरेला चहूकडून ट्रामचे रूळ आहेत. वर नाली बघत बघत रस्ता ओलांडू नका. आधी ओलांडा, मग बघा.